धाब्याखालचे बालपण

कोकणात घर बांधताना माणूस पावसाचा विचार करतो. आमच्या खानदेशात उन्हाचा. जळगाव-धुळ्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. म्हणून वाडवडिलांनी दीड-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती घातल्या, सागाच्या कड्यांवर मातीचे सपाट धाबे टाकले. दुपारचे ऊन भिंतीतून आत झिरपेपर्यंत सांज होई, आणि तोवर घरातली पोरेबाळे अंथरुणे घेऊन धाब्यावर चढलेली असत.

या घरांचे कौतुक मलाही आहे. पण ते करताना आपण त्यांतला धूर विसरतो. आत अंधार, भिंतीला खिडकी नाही, वर एखाददुसरा झरोका. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजेने हा मुलूख लुटला, पाठोपाठ दुष्काळ पडला, पेंढाऱ्यांच्या धाडी चालूच होत्या. अशा काळात रस्त्याकडे खिडकी ठेवायची कुणाची छाती होणार? १८१८ साली इंग्रजी अंमल आला. कॅप्टन ब्रिग्जने धुळे हे मुख्य ठाणे केले आणि तेथे सरळ, रुंद रस्त्यांची नवी पेठ वसवली. वाऱ्याला रस्ता मिळाला खरा. पण गावोगावच्या स्वयंपाकघरांपर्यंत तो पोचला नाही.

आणि चुलीपाशी आईच्या मांडीवर असे ते तान्हे मूल. मोठ्यांपेक्षा ते भराभर श्वास घेते, म्हणजे वजनाच्या मानाने धूरही अधिक ओढते. घरातल्या अशा धुराने बालकांना न्यूमोनिया होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटना आज सांगते. आपल्या आज्या मात्र त्याला दृष्ट म्हणत, आणि मीठ-मोहऱ्या त्याच चुलीत टाकीत!

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग उतरला आणि पुढे प्रांतभर पसरला. लोक गावे सोडून शेतात झोपड्या घालून राहू लागले. १८९८ साली सिमों या फ्रेंच डॉक्टराने कराचीत उंदरांवरच्या पिसवांकडे बोट दाखवले, तेव्हा कोडे उलगडले. भुसभुशीत भिंती आणि धान्याच्या कणग्या ही उंदरांची वतनवाडीच होती. शेतातल्या उघड्या खोपटात मूल वाचे, ते उगीच नव्हे.

मग धाबी गेली आणि पत्रे आले. उंदीर कमी झाले, उजेड आला, गळती थांबली. पण ऊन सरळ डोक्यावर आले. मी ज्या शाळेत शिकवीत होतो तिच्या खोल्या पत्र्याच्याच. मार्चअखेर एका दुपारी चौथीतल्या एका मुलाचा घोळणा फुटला. पाटीवर रक्ताचे थेंब पडले, आणि तो बिचारा पाटी खराब झाली म्हणून रडू लागला. त्या दिवसापासून शाळा सकाळची होईपर्यंत मी वर्ग निंबाखाली भरवला. वरिष्ठांनी त्याबद्दल खुलासा मागितला, तोही दिला.

पुढे नव्या खोलीचे ठरले तेव्हा गावकरी म्हणाले, "गुरुजी, स्लॅबच टाकू, शोभा येईल." मी म्हटले, टाका, पण समोरासमोर खिडक्या ठेवा, वर दरवर्षी चुना फासा, आणि निंबाला हात लावू नका. खिडक्यांवरून बरीच हुज्जत झाली. पोरे बाहेर बघत बसतील, अशी एका सद्गृहस्थांची हरकत होती. अखेर दोन्ही अंगांनी तीन-तीन खिडक्या झाल्या. पोरे बाहेर बघत बसतात, हेही खरेच.