नावातला अर्धा इतिहास

३० मार्च १९७२ रोजी उत्तर व्हिएतनामच्या सैन्याने रणगाडे व लांब पल्ल्याच्या तोफांनिशी सतराव्या अक्षांशावरील निर्लष्करी पट्टा ओलांडला. गनिमी काव्यासाठी गाजलेला हा संघर्ष आता उघड मैदानी युद्ध झाला. मोहिमेला नाव होते न्गुयेन ह्वे याचे. १७८९ मध्ये चिनी सैन्याला पिटाळून लावणारा तो ताय सोन घराण्याचा सम्राट. नाव परचक्रनिवारणाचे, परंतु अमेरिकेचे बहुतेक भूदल तोवर मायदेशी परतले होते. आकाशात आणि समुद्रावर अमेरिकेचे बळ होते, जमिनीवर मात्र समोर उभे होते ते स्वभाषकच.

१ मे रोजी क्वांग त्री शहर पडले. १६ सप्टेंबरला दक्षिणेने तेथील जुना किल्ला परत घेतला, तेव्हा शहराचे ढिगारे झाले होते. तो किल्ला बांधला होता, १८०२ मध्ये ताय सोनांचा उच्छेद करणाऱ्या राजघराण्याने. यादवी त्या तटाला नवी नव्हती.

जानेवारी १९७३ च्या पॅरिस करारानंतरही उत्तरेचे सैन्य दक्षिणेतच राहिले. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले. देश एक झाला. मोहिमेच्या नावाने मात्र अर्धाच इतिहास सांगितला होता : चिनी सैन्याशी झुंजण्यापूर्वी न्गुयेन ह्वे स्वकीयांशी, सख्ख्या भावाशीही लढला होता.