हवेलीचा जमाखर्च

हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी दादरा-नगर हवेलीच्या वादात जो निकाल दिला, त्यात पेशव्यांच्या दफ्तरातील एक जुना शब्द भेटतो. तो शब्द ‘सरंजाम’. या मुलखाचे सार्वभौमत्व मराठ्यांनी तहाने आपणांस दिले, असे पोर्तुगालचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मानले नाही. मराठ्यांनी दिला तो जहागीर किंवा सरंजाम या जातीचा वसुलाचा हक्क, राज्य दिले नव्हते, असे न्यायमूर्तींनी ठरविले. आणि पुढे इंग्रजांच्या अमदानीत पोर्तुगिजांची सत्ता तेथे मुकाट्याने मान्य होत गेली, हेही नमूद केले. या निकालाची चर्चा बहुधा वाट आणि वहिवाट या अंगानेच होत आली आहे. प्रस्तुत लेखात मात्र त्याच्या दुसऱ्या अंगाकडे पाहावयाचे आहे. सरकार आपल्या मुलखाचा अर्थव्यवहार कोणत्या साधनांनी चालविते, एक साधन हाती धरताना दुसरे कोणते सोडते, आणि सोडल्याचे मोल कोणाच्या पदरातून जाते, याचे इतके लहान आणि इतके बोलके उदाहरण शोधूनही सापडावयाचे नाही. सिल्वासा हे ज्याचे मुख्य ठाणे तो हा मुलूख अवघा ४९१ चौरस किलोमीटरांचा. पण वसूल, मीठ, नाणे, जकात आणि करमाफी अशी राज्यकारभाराची सारी साधने या ना त्या काळी त्याच्यावरून फिरली आहेत.

प्रथम सरंजामाची हकीगत सांगू. १७७२ साली मराठी आरमाराच्या हातून ‘सांताना’ या पोर्तुगीज जहाजाचे नुकसान झाले आणि भरपाईची मागणी पुण्यास सुरू झाली. १७७९ साली या प्रकरणाचा तह ठरला, तेव्हा पुण्याची स्थिती मोठी नाजूक होती. सवाई माधवराव लहान, कारभार नाना फडणिसांच्या हाती, इंग्रजांशी १७७५ पासून युद्ध जुंपलेले. त्याच वर्षाच्या आरंभी वडगावास इंग्रजांचा मोड झाला होता खरा, पण युद्ध सरले नव्हते. सालबाईचा तह व्हावयास १७८२ साल उजाडावे लागले. अशा वेळी गोव्याचा फिरंगी इंग्रजांस जाऊन मिळू नये, हे अगत्याचे होते. रोख भरपाई द्यावी, तर ती युद्धासाठी राखलेल्या खजिन्यातून काढावी लागणार. तेव्हा तोड निघाली ती अशी की, दमणच्या बाजूस सालीना बारा हजार रुपये वसुलाची गावे पोर्तुगिजांस लावून द्यावीत. त्याप्रमाणे १७८३ व १७८५ साली सनदा झाल्या आणि बहात्तर गावांचा वसूल दमणकरांकडे गेला.

आजच्या अर्थशास्त्राच्या परिभाषेत याला चालू देणे भावी महसुलातून फेडणे असे म्हणता येईल. आजची शिल्लक वाचली, उद्याची जमा गेली. देवस्थानाचा कारभार पाहणाऱ्या महाजनांस हे फोड करून सांगावयास नको. यंदाच्या पालखीचा खर्च भागावा म्हणून नंदादीपाच्या तेलासाठी राखलेले भाट दुसऱ्यास लावून दिले, तर उत्सव थाटात होतो, तेल मात्र पुढे दरवर्षी विकत आणावे लागते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात तर या प्रकारावर स्पष्ट बोट ठेवलेले आहे. भूमी तोडून वृत्ती नि इनामे देत गेल्यास राज्याचा वसूल आटतो आणि वसुलाबरोबर राज्यही आटते, असा त्या विवेचनाचा आशय आहे. नानांसारख्या जमाखर्चाच्या पंडितास हे ठाऊक नव्हते, असे कोण म्हणेल? ठाऊक असूनही त्यांनी ते केले, आणि मला तर वाटते की त्या प्रसंगी त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. पेशवाईच्या एकंदर जमेत बारा हजार रुपये ते किती! पश्चिम किनाऱ्यावर शत्रूंत आणखी एकाची भर न पडू देणे याचे मोल त्याहून कितीतरी अधिक होते.

उणे राहिले ते एवढेच की, ज्यांच्या नावे हा खर्च पडला ते या हिशेबात कोठेच नव्हते. वारली, कोकणा, धोडिया यांच्या पाड्यांवर तहाची कलमे कोणी वाचून दाखविली नाहीत. त्यांच्या लेखी वसूल मागणारा बदलला, इतकेच. पुढे १८१८ साली पेशवाई बुडाली आणि सरंजाम परत मागणारा धनीच उरला नाही. बारा हजारांचा वसूल एकशे एकाहत्तर वर्षांचे राज्य होऊन बसला. राजकोषीय निर्णय केवळ पैशापुरता राहत नाही, तो पुढे राजकीय होतो, हे सांगण्यास याहून चांगला दाखला कोणता?

यानंतरचा मोठा प्रयोग शंभर वर्षांनी झाला. २६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्रज व पोर्तुगाल यांच्यात लिस्बन येथे तह झाला आणि १५ जानेवारी १८८० पासून बारा वर्षांच्या मुदतीने तो अमलात आला. हा तह गोव्याच्या नावाने ओळखला जात असला तरी त्याची कलमे दमण व हवेलीसही लागू होती. ब्रिटिश हिंदुस्थान व पोर्तुगीज हिंदुस्थान यांच्यामधील जकातीची भिंत काढून टाकावी, मिठाच्या उत्पादनाचा नि विक्रीचा ताबा इंग्रजांनी घ्यावा आणि त्याबद्दल पोर्तुगीज सरकारास सालीना चार लाख रुपये द्यावेत, आबकारीची पद्धत इंग्रजी मुलखाशी जुळवून घ्यावी, नाणे एका वजनाचे व एका कसाचे असावे, आणि मुरगावहून घाटावर रेल्वे न्यावी, असा त्याचा एकंदर आराखडा होता. आज युरोपातील राष्ट्रे ज्याला जकातसंघ नि चलनसंघ म्हणतात, त्याचा हा छोटेखानी अवतारच.

इंग्रजांस मीठ कशासाठी हवे होते? मिठावरील कर हा त्यांच्या हिंदी महसुलाचा एक मोठा आधार होता, आणि गोव्याच्या आगरांतील स्वस्त मीठ घाट चढून गेले की त्या आधारास वाळवी लागे. चार लाख देऊन ती वाळवी बंद होत असेल, तर सौदा स्वस्तच म्हणावयाचा. पणजीच्या तिजोरीलाही वर्षाकाठी ठरलेली रोख रक्कम घरबसल्या मिळत होती. तिजोरी ते तिजोरी पाहिले तर दोघांचेही भले झाले. परंतु आगरात उन्हात राबणाऱ्या माणसाची मजुरी त्या चार लाखांत बसली नव्हती. आगरे ओस पडत गेली, आणि त्याच वर्षांत मुंबईकडे पोट भरावयास जाणाऱ्या गोमंतकीयांची रीघ वाढली. आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या पूर्वजांनी मुंबईस बिऱ्हाड केले ते याच सुमारास.

नाण्याची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. १८८१ पासून पोर्तुगीज हिंदुस्थानचा रुपया ब्रिटिश हिंदुस्थानच्या टाकसाळीत पडू लागला; मुखवटा दों लुईस राजाचा, चांदी मात्र कंपनी-सरकारच्या जुन्या मापाची. हवेलीसारख्या मुलखाला याचा उघड फायदा झाला. दमणहून सिल्वाशास जावयाचे तर मध्ये इंग्रजी हद्द ओलांडावी लागे. आता व्यापाऱ्यास वाटेत बट्टा द्यावा लागेना, सराफाची मनधरणी उरली नाही. पण बट्टा वाचला त्याबरोबर आणखीही काही गेले. नाण्याचे मोल ठरविण्याची सत्ता पणजीच्या हातून निसटली.

ते जाणवावयास फार काळ लागला नाही. १८७३ नंतर सोन्याच्या मानाने चांदी सारखी उतरत होती. पूर्वी सुमारे दोन शिलिंगांचा असलेला रुपया १८९२ च्या सुमारास सव्वा शिलिंगावर आला. मुरगाव रेल्वेचे भांडवल लंडनात पौंडांत उभारलेले, त्यावरील व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारची, आणि कर मात्र चांदीच्या रुपयांत गोळा होणारा! रेल्वेला अपेक्षेप्रमाणे माल मिळेना, तसतसा हमीचा बोजा वाढला आणि हुंडणावळीने तो आणखी जड केला. कलकत्त्याच्या सरकारासही विलायतेच्या देण्यापायी हाच त्रास होता. म्हणून १८९३ साली त्याने खाजगी चांदीसाठी टाकसाळी बंद केल्या. हा निर्णय घेताना पोर्तुगीज रुपया वापरणाऱ्या पणजीचे, दमणचे वा सिल्वाशाचे मत कोणास विचारावेसे वाटले असेल, असे मुळीच नाही.

दुसऱ्याच्या नाण्याशी आपले नाणे पक्के बांधावे, पैशाची ये-जा मोकळी ठेवावी, आणि तरीही व्याजाचा दर व चलनाचा पुरवठा आपल्या मर्जीने ठरवावा, या तीन गोष्टी एकत्र नांदत नाहीत, हे मंडेल व फ्लेमिंग या अर्थशास्त्रज्ञांनी १९६० च्या सुमारास शास्त्रशुद्ध मांडले. आपल्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ सालच्या आपल्या रुपयाविषयक ग्रंथात या प्रश्नाच्या मुळालाच हात घातला होता. रुपयाचे परदेशी मोल बांधून ठेवण्याच्या खटाटोपापेक्षा त्याची देशातील खरेदीशक्ती स्थिर राहणे महत्त्वाचे, असा त्यांचा रोख होता. गरिबाला हुंडणावळ कळत नाही, पण बाजारातील भाव कळतो. हे ध्यानी घेतले म्हणजे त्या रोखाचे मर्म समजते. असो. तह १८९२ च्या जानेवारीत संपला. त्याच वर्षी पोर्तुगालने आपले परदेशी कर्ज पुरते फेडण्याची असमर्थता जाहीर केली. जकातीची नाकी पुन्हा उभी राहिली. रुपया तेवढा तसाच राहिला.

२२ जुलै १९५४ रोजी दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. सुधीर फडके यांच्यासारखे कलावंत त्या मोहिमेत होते, ही गोष्ट महाराष्ट्रास परिचित आहे. त्यानंतरची सात वर्षे फारशी कोणी सांगत नाही. वरिष्ठ पंचायतीच्या नावाने चाललेला हा कारभार धड स्वतंत्र राष्ट्राचाही नव्हता नि भारताच्या एखाद्या जिल्ह्याचाही नव्हता. या राज्याने टपालाची तिकिटे काढली, पण नाणे पाडले नाही. त्याला चलन काढणारी बँक नव्हती, कर्जरोखे घेणारा सावकार नव्हता. चहूबाजूंचा बाजार भारताचा, भावही भारताचेच. दिल्लीत १९५६ च्या मध्यापर्यंत अर्थखाते चिंतामणराव देशमुखांकडे होते. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा भव्य पसारा मांडला गेला, त्यासाठी तुटीचा अर्थभरणा झाला, भाव चढले, आणि दोन वर्षांच्या आत परकीय चलनाची गंगाजळी आटली. रोजगार व यंत्रसामग्री हवी तर महागाई नि परकीय चलनाची टंचाई सोसावी, हा सौदा संसदेने पत्करला होता. हवेलीच्या वाट्याला महागाई आली. संसदेत तिचा प्रतिनिधी मात्र नव्हता.

त्याच वर्षांत गोव्यात उलटा प्रयोग चालू होता. १९५५ साली भारताने आर्थिक नाकेबंदी केली, रेल्वेची वाट बंद झाली. सालाझार सरकारने लोहखनिजाची निर्यात वाढविली, आयातीचे दरवाजे सैल केले, आणि १९५९ साली रुपयाला सहा या दराने एस्कुदोच्या नोटा चलनात आणल्या. पणजीची दुकाने परदेशी वस्तूंनी भरली, तर शेती नि कारागिरी मागे पडली. डिसेंबर १९६१ मध्ये ते सारे संपले. हवेलीचे विलीनीकरण तत्पूर्वीच, ११ ऑगस्ट १९६१ रोजी झाले होते. त्यासाठी सनदी अधिकारी बदलानी यांना एक दिवसापुरते तेथील प्रधानमंत्री व्हावे लागले, ही इतिहासातील एक मौजच आहे.

विलीन झालेल्या हवेलीची लोकसंख्या १९६१ च्या शिरगणतीत ५७,९६३ होती. २०११ साली ती ३,४३,७०९ झाली. हा बदल घडविला तो मुख्यतः करमाफीने. मागास प्रदेश म्हणून विक्रीकरात दीर्घ मुदतीची सूट मिळाली. १९९३ च्या अर्थसंकल्पाने अशा प्रदेशांतील नव्या कारखान्यांस पाच वर्षे आयकरही माफ केला. पिपरियास १९६५ साली सहकारी तत्त्वावर सुरू झालेल्या औद्योगिक वसाहतीनंतर मसाट, खडोली अशा वसाहती वाढत गेल्या आणि सिल्वासा कृत्रिम धाग्याचे माहेरघर बनले. दिल्लीने जमा सोडली आणि रोजगार मिळविला. १७७९ च्या सौद्याशी याचे नाते वाचकाच्या ध्यानी आलेच असेल. रोजगार खरा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. दूरदूरच्या प्रांतांतून आलेल्या हजारो कुटुंबांची चूल त्यावर पेटली. परंतु १९७१ च्या जमीनसुधारणा विनियमाने अलवारा व तेरें या पोर्तुगीज काळच्या जमीनधारणा मोडून ज्या आदिवासी कुळास आपल्या शेताचा हक्क मिळावयाचा होता, त्याच्या शेजारीच कारखान्यासाठी जमिनीचा भाव आकाशास भिडत होता. २००१ साली लोकसंख्येत सुमारे ६२ टक्के असलेले आदिवासी २०११ साली सुमारे ५२ टक्के राहिले.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. जेथे माल खपतो तेथे कर जमा व्हावा, हे त्याचे तत्त्व. जेथे माल बनतो तेथील विक्रीकर-माफीला त्यात पूर्वीची जागा राहिली नाही. २६ जानेवारी २०२० पासून हवेली व दमण-दीव यांचा कारभार एक झाला. दमणगंगेच्या काठी आज नवा कारखाना काढू पाहणारा गृहस्थ विचारतो ते विजेच्या दराबद्दल, पाण्याबद्दल आणि वापीच्या स्थानकापर्यंतच्या रस्त्याबद्दल.