मुलकी कोण?

आदिलाबादकडच्या जुन्या मराठी घरांत माळ्यावर एखादी पत्र्याची पेटी हमखास असते. तिच्यात आजोबांची सेवापुस्तिका, फसली सालाच्या पावत्या, उर्दूतला एखादा हुकूम आणि आता घरात कुणालाच न वाचता येणारे मोडीतले टिपण जपून ठेवलेले असते. घरातला निवृत्त शिक्षक किंवा तहसिलीतला कारकून ती पेटी उघडून बसला, की नातवंडांचा प्रश्न ठरलेला असतो : आपण मूळचे कुठले? ‘वऱ्हाडातले’, ‘नांदेडकडचे’, ‘चांद्याकडचे’ अशी उत्तरे दिली जातात. त्यांत खोटे काही नसते. पण इतिहासाच्या दृष्टीने ती अपुरी असतात.

पहिल्या सालारजंगांनी १८६५ साली जिल्हाबंदी केली, तेव्हा निजामी राज्याला लिहिणाऱ्या माणसांची मोठी गरज निर्माण झाली. गावोगावी पटवारी, तालुक्याला पेशकार, कचेरीत कारकून असा लेखणीवर चालणारा नवा कारभार उभा राहिला. सिरपूर-तांडूर या नावाने ओळखला जाणारा हा वनप्रदेश १९०५ साली आदिलाबाद जिल्हा झाला. पैनगंगा व वर्धा ओलांडून कुणबी शेतीसाठी आले, त्याचप्रमाणे हिशेब जाणणारी घराणी चाकरीसाठी आली. त्यांतले जे मराठवाड्यातून आले, त्यांनी कोणत्याही राज्याची सीमा ओलांडली नव्हती. नांदेडही निजामाचे आणि आदिलाबादही निजामाचेच.

सीमा नंतर आली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत राजुरा व किनवट तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ आदिलाबादमधून मुंबई राज्यात गेले. उलट नांदेडच्या मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबीर ही मंडळे आदिलाबादला जोडली गेली. मुधोळचा मराठी शिक्षक एका रात्रीत परप्रांतात गेला; त्याने मात्र घराचा उंबरठाही ओलांडला नव्हता. आजही आदिलाबादहून मुदखेडला निघालेली आगगाडी किनवटवरून जाते. रुळांनी जुना मुलूख लक्षात ठेवला आहे.

पण नोकरदाराला स्मरण पुरत नाही, त्याला दाखला लागतो. निजामी नोकरीसाठी ‘मुलकी’ असणे आवश्यक होते. १९१९ च्या फर्मानाने पक्क्या झालेल्या या नियमांनुसार राज्याचा जन्मजात प्रजाजन हा मुलकी. बाहेरून आलेल्याला मात्र पंधरा वर्षांचे कायम वास्तव्य दाखवावे लागे. शिवाय पूर्वीच्या ठिकाणी परतण्याचा विचार सोडून दिला आहे, असे प्रतिज्ञापत्र न्यायाधिकाऱ्यापुढे करावे लागे. ब्रिटिश अमलातील मुलखातून आलेल्या आपल्या पूर्वजांपैकी कितीजणांनी अशा कागदावर सही केली असेल! कुलदैवत माहूरचे, सोयरीक यवतमाळची आणि हातात मात्र गावाचा विचार सोडल्याचे शपथपत्र. स्थलांतराचे दुःख इतक्या कोरड्या भाषेत क्वचितच नोंदले गेले असेल. पुढे १९६९ चे तेलंगण आंदोलन या नियमांभोवतीच पेटले आणि १९७५ च्या राष्ट्रपती आदेशानंतर ‘मुलकी’ची जागा ‘स्थानिक उमेदवार’ या शब्दांनी घेतली. शब्द बदलले, दाखल्याची रांग तशीच राहिली.

येथवरचा इतिहास आपण घरोघरी सांगतो. पुढचा सहसा सांगत नाही. ज्या भूमीवर आपण पंधरा वर्षे मोजून मुलकी ठरलो, तेथे गोंड आणि कोलाम पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते. त्यांच्यापैकी अनेकांची शेती ‘सिवाय जमाबंदी’ होती. म्हणजे सारा भरायचा, पण पट्टा नावावर नाही. सारा भरला की जमीन आपलीच, अशी त्यांची भोळी समजूत होती. जंगल राखीव झाले, रस्ते आले, कापसाला भाव आला. मग नव्याने आलेल्या शेतकऱ्यांनी त्याच जमिनींचे पट्टे आपल्या नावे करून घेतले. त्या नव्या पट्टेदारांत तेलुगू होते, मुसलमान होते, तसे मराठीही होते. आणि ते पट्टे कुणीतरी लिहिले. कागद असलेला उपरा मालक झाला, कागद नसलेला मूळचा रहिवासी अतिक्रमक ठरला. आपल्या पेटीतल्या एखाद्या पावतीमागे हीच कथा नसेल, असे छातीठोकपणे कोण सांगेल?

१९४० साली जोडेघाटला कोमराम भीम निजामी पोलिसांच्या गोळीबारात पडला. त्यानंतर गोंडांमध्ये अभ्यासासाठी आलेल्या क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांनी जमिनी बळकावल्या जाण्याची ही रीत तपशीलवार नोंदवली. १९४३ साली मारलवाईला गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. तेथील गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली, कारण थोडीफार अक्षरओळख असलेल्या गोंडांना ती मराठीतूनच झाली होती. ज्या लिपीतल्या पट्ट्यांनी काही गोंडांची शेते गेली असतील, त्याच लिपीत गोंड मुलांनी आपल्या भाषेची पहिली अक्षरे गिरवली.

याच काळात आपल्यातलाच एक नोकरदार त्या प्रदेशात हिंडत होता. १९१० साली निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हैदराबाद नागरी सेवेतले अधिकारी. मराठी वाचक त्यांना शिवकालाचे इतिहासकार म्हणून ओळखतो. पण आदिलाबादेत असताना ते गोंडी शिकले, तिचे व्याकरण लिहिले आणि येथील गोंडांवर इंग्रजीत पुस्तकही लिहिले. नोकरीचे कर्तव्य म्हणून भाषांतरकार पुरला असता. त्यांनी मात्र ज्याचे म्हणणे नोंदवायचे, त्याची भाषा आधी शिकून घेतली.

लेखणी तीच, ती कुणासाठी चालली, हा खरा प्रश्न आहे. तो १९५६ ला संपला नाही. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीत जमिनीच्या मागण्यांसाठी जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला. अनुसूचित क्षेत्रातील जमीन बिगर-आदिवासींकडे जाऊ न देणारा १९७० चा पहिला विनियम आपल्या घरांत ‘१/७०’ म्हणून परिचित आहे आणि त्याचा उल्लेख बहुधा तक्रारीच्या सुरातच होतो. तो का आला, हे मात्र आपण मुलांना सांगत नाही.

२०१६ साली जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. मुधोळ-भैंसा आता निर्मल जिल्ह्यात आहेत. सीमा पुन्हा हलल्या, दाखल्यांवरची नावे पुन्हा बदलली. तेव्हा ‘आपण मूळचे कुठले?’ याला नुसते गावाचे नाव हे उत्तर पुरणार नाही. आपले पूर्वज लेखणी घेऊन आले, त्यांनी कष्ट केले, मुले शिकवली, परक्या भाषांत चोख कारभार केला. हे अभिमानाने सांगावे. त्या लेखणीने कुणाचे नाव लिहिले आणि कुणाचे वगळले, हेही त्याच बैठकीत सांगावे. पेटीतले कागद वाळवीच्या तोंडी जाण्याआधी एकदा मोडी आणि उर्दू जाणणाऱ्याकडून वाचून घ्यावेत. त्यांत आपल्या कुळाचा इतिहास आहे, आणि कदाचित शेजारच्या गोंडगुड्यातल्या एखाद्या शेताचाही.