तपकिरी द्रावामागचे शास्त्र : आयोडिनयुक्त जंतुनाशके कशी काम करतात आणि कशी निवडली जातात?

शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला टेबलावर घेतले की, पहिली चीर देण्यापूर्वी त्याच्या त्वचेवर बहुधा एक तपकिरी द्राव फिरवला जातो. हाच द्राव गावातील प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ड्रेसिंगच्या ट्रेमध्ये असतो आणि घरातल्या औषधांच्या डब्यातही सापडतो. पोव्हिडोन आयोडिन या नावाने ओळखले जाणारे हे औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. भारताच्या राष्ट्रीय यादीतही त्याचा समावेश आहे. इतक्या परिचयाच्या या औषधाविषयी गैरसमजही तेवढेच आहेत. ‘तपकिरी रंग दिसला म्हणजे जंतू मेले’ हा त्यातील सर्वांत मोठा गैरसमज होय. आयोडिन निश्चितपणे जंतू मारते. परंतु योग्य स्वरूपात, योग्य जागी आणि पुरेसा वेळ मिळाला तरच.

समुद्रशेवाळाच्या राखेतून

आयोडिनचा शोध १८११ मध्ये योगायोगाने लागला. फ्रान्समधील बर्नार कूर्त्वा हे बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा तयार करीत. त्यासाठी समुद्रशेवाळाच्या राखेचा उपयोग करताना त्यात आम्ल जास्त पडले आणि जांभळ्या रंगाची वाफ निघाली. थंड भागावर ती गोठून तिचे काळसर, चकचकीत स्फटिक बनले. ग्रीक भाषेतील जांभळ्या रंगाच्या शब्दावरून या मूलद्रव्याचे नामकरण झाले.

आयोडिन पाण्यात फारच कमी विरघळते, अल्कोहोलमध्ये मात्र सहज विरघळते. त्यामुळे त्याचा अल्कोहोलमधील द्राव, म्हणजेच जुन्या पिढीच्या परिचयाचे ‘टिंक्चर आयोडिन’, प्रचारात आला. १८२९ मध्ये पॅरिसचे डॉक्टर ल्युगोल यांनी पोटॅशियम आयोडाइडच्या साह्याने आयोडिन पाण्यात विरघळवून दाखवले. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकी यादवी युद्धात जखमांवर आयोडिन वापरले गेले. शस्त्रक्रियेपूर्वी त्वचेला टिंक्चर लावण्याची सोपी पद्धत अंतोनियो ग्रोसिख या शल्यविशारदांनी १९०८ मध्ये फ्युमे, म्हणजे आजच्या क्रोएशियातील रियेका, येथे रूढ केली. पुढे ती अनेक देशांत पसरली.

टिंक्चरचे दोष मात्र लवकरच लक्षात आले. ते जखमेवर झोंबे, त्वचा भाजल्यासारखी होई आणि डाग पडत. यावर १९५५ मध्ये अमेरिकेतील शेलान्स्की आडनावाच्या दोन संशोधकांनी उपाय शोधला. पोव्हिडोन हा पाण्यात विरघळणारा बहुवारिक पदार्थ त्यापूर्वी रक्तद्रवाला पर्याय म्हणून वापरला गेला होता. त्याला आयोडिन जोडले असता जंतुनाशक शक्ती टिकून राहते आणि दाह बराच कमी होतो, असे त्यांना आढळले.

जंतू मरतात कसे?

पोव्हिडोनला बांधलेले आयोडिन स्वतः जंतूंना मारत नाही. त्याची भूमिका साठ्याची असते. या साठ्यातून आयोडिनचे मोकळे रेणू थोडेथोडे सुटत राहतात आणि खरे काम तेच करतात. हे रेणू अतिशय लहान असल्याने जंतूची पेशीभित्तिका झपाट्याने भेदतात. आत गेल्यावर ते प्रथिनांतील सिस्टीन, टायरोसिन यांसारख्या अमिनो आम्लांवर आणि आवरणातील मेदाम्लांवर हल्ला करतात. परिणामी प्रथिनांची रचना बिघडते, विकरे निकामी होतात आणि पेशी मरते.

हा हल्ला एकाच वेळी अनेक ठिकाणी होत असल्याने जंतूला बचावाची वाट सहसा सापडत नाही. प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू वाढत असताना आयोडिनविरुद्ध लक्षणीय प्रतिकारशक्ती आढळलेली नाही, त्याचे कारण हेच आहे. जीवाणू, बुरशी आणि अनेक विषाणू यांवर ते परिणामकारक आहे. काही जीवाणूंचे कठीण कवचातील बीजाणू मात्र त्वचेवरील नेहमीच्या वापरात खात्रीने मरतात, असे मानता येत नाही.

पातळ केल्यावर अधिक तीव्र?

औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या १० टक्के पोव्हिडोन आयोडिनच्या द्रावात प्रत्यक्ष उपलब्ध आयोडिन सुमारे १ टक्का असते. त्यातही कोणत्याही क्षणी मोकळे असलेले आयोडिन दशलक्ष भागांत केवळ एखादा भाग भरते. गंमत अशी की, हा द्राव पाण्याने पातळ केला तर पोव्हिडोनची पकड सैल होते आणि मोकळ्या आयोडिनचे प्रमाण वाढते. सुमारे शंभरपट पातळ करेपर्यंत ही वाढ होत राहते आणि त्यानंतर प्रमाण घटू लागते.

म्हणून घरी द्राव पातळ करावा, असा याचा अर्थ नव्हे. पातळ द्रावातील एकूण साठा फारच कमी असतो. रक्त, पू किंवा मृत पेशी यांच्याशी संबंध येताच आयोडिन त्यांच्यावरच खर्च होते आणि जंतूंसाठी काही उरत नाही. तपकिरी रंग फिका पडणे ही साठा संपत आल्याची खूण समजावी. पातळ द्राव वापरायचा झाल्यास तो डॉक्टरांच्या सूचनेनुसार, ताजा तयार करूनच वापरला जातो.

जंतुनाशकाची बाटलीसुद्धा दूषित होऊ शकते, हा धडा १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये मिळाला. तेथील रुग्णांच्या रक्ताच्या तपासणीत स्युडोमोनास सेपेशिया हा जीवाणू वाढू लागला. शोध घेता तो रुग्णांच्या रक्तात नव्हे, तर रक्त काढण्यापूर्वी त्वचेला लावलेल्या पोव्हिडोन आयोडिनमध्येच जिवंत असल्याचे निष्पन्न झाले. उघडी बाटली आठवडेच्या आठवडे वापरणे किंवा अर्ध्या बाटलीत नवा द्राव ओतणे म्हणूनच अयोग्य मानले जाते.

निवड कशी होते?

डॉक्टर वा परिचारिका निवड करताना प्रथम जागा पाहतात : त्वचा अखंड आहे, जखम आहे, की डोळ्यासारखा नाजूक भाग आहे? १० टक्के द्राव अखंड त्वचेसाठी वापरला जातो. फेस येणारे ७.५ टक्क्यांचे ‘स्क्रब’ शस्त्रक्रियेपूर्वी हात धुण्यासाठी असते. त्यात साबणासारखा घटक असल्याने ते डोळ्यात किंवा उघड्या जखमेत जाऊ देत नाहीत. गुळण्यांसाठीचे द्राव १ ते २ टक्क्यांचे असतात आणि ते गिळायचे नसतात.

आयोडिनचा मुख्य स्पर्धक म्हणजे क्लोरहेक्झिडिन. ते त्वचेला चिकटून राहते, त्यामुळे त्याचा परिणाम अधिक काळ टिकतो आणि रक्तानेही तो तितकासा कमी होत नाही. मोठ्या शिरेत नळी घालताना म्हणूनच अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्झिडिनला प्राधान्य दिले जाते. परंतु डोळ्याच्या पारपटलाला, मध्यकर्णाला आणि मेंदूच्या आवरणांना त्यापासून इजा होऊ शकते.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी डोळ्यात ५ टक्के पोव्हिडोन आयोडिन घालण्याची पद्धत म्हणूनच जगभर रूढ आहे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डोळ्याच्या अंतर्भागातील गंभीर संसर्गाचे प्रमाण आयोडिनच्या गटात ०.०६ टक्के, तर तुलनेसाठी वापरलेल्या रौप्य-प्रथिनाच्या गटात ०.२४ टक्के आढळले. हा फरक टक्क्याच्या अंशाचा असला, तरी संसर्ग झालेल्या रुग्णाच्या दृष्टीने तो डोळा वाचण्याचा किंवा गमावण्याचा प्रश्न असतो. सिझेरियनपूर्वी योनीमार्ग स्वच्छ करण्यासाठीही जागतिक आरोग्य संघटना पोव्हिडोन आयोडिनची शिफारस करते.

अल्कोहोलचा वाटा

अखंड त्वचेसाठी दोहोंपैकी श्रेष्ठ कोणते, हा वाद बराच काळ चालला. २०१० मध्ये ८४९ रुग्णांच्या अभ्यासात शस्त्रक्रियेच्या जागेच्या संसर्गाचे प्रमाण अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्झिडिनच्या गटात ९.५ टक्के आणि पोव्हिडोन आयोडिनच्या गटात १६.१ टक्के आढळले. पुढे २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्झिडिनची शिफारस केली. मात्र २०१० च्या तुलनेत एक मेख होती. एका बाजूला अल्कोहोल होते आणि दुसऱ्या बाजूला केवळ पाण्यातील आयोडिन.

दोन्ही बाजूंना अल्कोहोल दिल्यावर चित्र पालटले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडमधील अभ्यासात हृदय व पोटाच्या शस्त्रक्रिया झालेल्या ३,३६० रुग्णांत संसर्गाचे प्रमाण आयोडिनच्या गटात ५.१ टक्के आणि क्लोरहेक्झिडिनच्या गटात ५.५ टक्के होते. अमेरिका व कॅनडातील अस्थिभंगाच्या रुग्णांवरील त्याच वर्षीच्या मोठ्या अभ्यासात, त्वचा न फाटलेल्या अस्थिभंगांत अल्कोहोलयुक्त आयोडिनचा निकाल सरस ठरला : २.४ टक्के विरुद्ध ३.३ टक्के. तेव्हा अल्कोहोल सोबत असेल आणि त्वचा अखंड असेल, तर दोन्ही पर्याय विश्वासार्ह आहेत.

अल्कोहोलयुक्त द्राव पेट घेऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. तो पूर्ण वाळण्यापूर्वी विद्युत-चाकू वापरल्यास रुग्ण भाजण्याचा धोका असतो. पाण्यातील आयोडिनलाही वाळण्यास दोन-तीन मिनिटे द्यावी लागतात, कारण तेवढ्या वेळातच जंतू मरतात. घाईने पुसून टाकलेला द्राव त्वचा रंगवण्यापलीकडे फारसे काही करीत नाही. पाठीखाली साचलेला द्राव तर त्वचेला इजाही करू शकतो.

कोणी जपून वापरावे?

त्वचेतून, आणि विशेषतः जखमेतून, काही आयोडिन रक्तात जाते. प्रौढ निरोगी व्यक्तीला लहान जखमेपुरता त्याचा त्रास होत नाही. नवजात अर्भकाची, त्यातही अपुऱ्या दिवसांच्या बाळाची, त्वचा पातळ असते. त्याच्या शरीरात जास्त आयोडिन गेल्यास थायरॉइड ग्रंथीचे काम काही काळ मंदावू शकते आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीला त्याच ग्रंथीच्या संप्रेरकाची गरज असते. बाळाच्या नाळेला स्वतःहून आयोडिन लावणे म्हणूनच टाळावे. थायरॉइडचे रुग्ण, गर्भवती, स्तनदा माता आणि शरीराचा मोठा भाग भाजलेले रुग्ण यांनी ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरावे.

‘कोळंबी-खेकडा चालत नाही, म्हणून आयोडिनही चालणार नाही’ ही समजूत मात्र निराधार आहे. माशांची वा कोळंबीची ॲलर्जी त्यांतील प्रथिनांमुळे होते, आयोडिनमुळे नव्हे. पोव्हिडोन आयोडिनने क्वचित काहींच्या त्वचेला पुरळ येते, परंतु त्याचा मासळीशी संबंध नसतो.

हे लक्षात ठेवा

• जखम प्रथम वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवावी. मळ व रक्त तसेच ठेवून वर लावलेले आयोडिन वाया जाते.

• कुत्रा चावल्यास जखम साबण व पाण्याने १५ मिनिटे धुवून नंतर पोव्हिडोन आयोडिन लावावे. रेबीजच्या लशीला तो पर्याय नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

• आयोडिनसोबत हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा पारायुक्त लाल औषध एकाच जखमेवर लावू नये.

• स्वच्छ, भरत आलेल्या जखमेवर ते रोज लावण्याची गरज नसते. नव्याने वाढणाऱ्या पेशींनाही त्याचा त्रास होऊ शकतो.

• बाटलीचे झाकण घट्ट लावावे, मुदत पाहावी आणि वापरलेला कापूस पुन्हा बाटलीच्या तोंडाला लावू नये.

• जखम खोल असेल, लाली पसरत असेल, पू किंवा ताप येत असेल, तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांना दाखवावे.