यॉर्क : एका नांवाचीं स्थित्यंतरें

स्थलनामाचा अर्थ एकच असावा, आणि सर्वांत जुना तोच खरा, अशी सामान्यतः समजूत असते. इंग्लंडांतील यॉर्क शहराच्या नांवाचा इतिहास पाहिला म्हणजे ही समजूत किती तोकडी आहे हें सहज ध्यानांत येतें.

इ. स. ७१ च्या सुमारास ऊझ व फॉस या नद्यांच्या संगमापाशीं रोमन सैन्यानें तळ दिला. त्या ठाण्याचें नांव 'एबोराकम्'. शब्द मूळचा केल्टिक. त्यांत 'यू' नामक सदाहरित वृक्षाचें नांव दडलें आहे असें बहुतेक पंडित मानतात. रोमन गेले, अँग्लो-सॅक्सन आले. त्यांस हा शब्द परका. परंतु त्यांच्या भाषेंत 'एओफोर' म्हणजे रानडुक्कर. झालें! वृक्षाचा वराह झाला आणि शहर 'एओफोरविक' बनलें. यांतील 'विक' लॅटिन 'विकुस्' वरून आलेला, अर्थ वस्ती. संस्कृतांतील गृहवाचक 'वेश' हा या 'विकुस्' चाच दूरचा भाऊबंद. पुढें ८६६ मध्यें डेन लोकांनीं शहर जिंकलें व त्याचें 'योर्विक' केलें. त्यांच्या भाषेंत 'योर' म्हणजे घोडा व 'विक' म्हणजे खाडी. शहर तर समुद्रापासून कोसगणती दूर! हेंच 'योर्विक' झिजून 'यॉर्क' उरलें.

वैयाकरण यांस अपभ्रंश म्हणतील. आमच्या मतें हे अपभ्रंश म्हणजे त्या शहराचे दस्तऐवजच होत. कोण आले, कोण राहिले, कोणाची भाषा बाजारांत चालली, याची साक्ष त्यांत आहे. यॉर्कांत जुन्या रस्त्यांच्या नांवांत आजही 'गेट' येतें व तटाच्या दरवाजांस 'बार' म्हणतात. कारण डेनांच्या भाषेंत 'गाता' म्हणजे रस्ता. तेथील आर्चबिशप मात्र अद्याप 'एबोर' अशी सही करतो.

१६६४ मध्यें इंग्रजांनीं डचांचें न्यू ॲम्स्टरडॅम घेतलें आणि राजबंधु ड्यूक ऑफ यॉर्क याच्यावरून त्यास न्यूयॉर्क म्हटलें. त्या नामकरणांत ना वृक्ष, ना वराह, ना घोडा. तरी त्या नांवास कोणी खोटें म्हणत नाहीं.

मूळ अर्थाचा शोध अवश्य घ्यावा. परंतु त्या मुळासाठीं मधलीं शतकें पुसूं पाहणें म्हणजे तेथें नांदून गेलेल्या माणसांसच पुसणें होय. नांव पहिला कोणी ठेवतो. तें टिकवितात मात्र नंतरचे.