तेरची हस्तिदंती मूर्ति

लातूरच्या पश्चिमेस असलेलें तेर हें गांव म्हणजे प्राचीन तगर नगर होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत येथील कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरास जात असे, असें ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथावरून दिसतें. तें कापड विणणाऱ्यांच्या आणि विकणाऱ्यांच्या घरांत काय होतें, हें मात्र तेरच्या पांढरीनेंच जपून ठेविलें. तींत मणी, बांगड्यांचे तुकडे, मातीचीं खेळणीं मिळत. इतरांस जीं खापरें वाटलीं, तीं रामलिंगप्पा लामतुरे यांनीं वेंचून संग्रहीं ठेविलीं. त्यांच्या नांवाचें शासकीय वस्तुसंग्रहालय आज तेथें आहे.

तेर येथेंच एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति मिळाली. तिच्याच धर्तीची भारतीय मूर्ति १९३८ सालीं इटलींतील पाँपेई येथें, इ. स. ७९ मधील ज्वालामुखीच्या राखेखालीं सांपडली होती. अशी मूर्ति म्हणजे आरशाची मूठ असावी, असें कित्येक अभ्यासक मानतात. तसें असेल, तर ही देवघरांतील वस्तु नव्हे. वेणीफणी करतांना रोज हातीं धरावयाची.

अशीं साधनें नेमकीं घरांतूनच नाहींशीं होतात. म्हणून जुना अडकित्ता वा समई मोडींत घालण्यापूर्वीं एकदां उजेडांत नीट न्याहाळावी, आणि ठेवणें अशक्यच असेल, तर निदान तिचें छायाचित्र तरी घेऊन ठेवावें.