हाड वाढते कुठे?

मुलांचे मोडलेले हाड लवकर सांधते. पण क्वचित वर्षभराने तो पाय आखूड वा वाकडा दिसू लागतो. असे का व्हावे?

इंग्लंडमधील पाद्री स्टीफन हेल्स यांनी पिल्लाच्या पायाच्या हाडाला अर्ध्या इंचावर दोन भोके पाडली. दोन महिन्यांनी हाड इंचभर वाढले, भोकांतले अंतर मात्र तेवढेच! (हे छापले १७२७ साली, वनस्पतींवरील पुस्तकात.) हाड वाढते ते टोकांशी. तिथली कूर्चेची पट्टी दुखावली, की वाढ थांबते किंवा एकाच बाजूने होते. आणि क्ष-किरण चित्रात कूर्चा दिसत नाही.

शिकागोच्या फेमिस्टर यांनी १९३३ मध्ये याचाच उपाय केला. लांब पायाची वाढ शस्त्रक्रियेने थांबवायची. आखूड पाय त्याला गाठतो. अर्थात वाढीची वर्षे शिल्लक असतील तरच. म्हणून प्लास्टर निघाल्यावरही दोन्ही पाय अधूनमधून मोजावे लागतात.